अरविंदचा पाऊस आणि माझा

माझ्या जावयाला लग्न ठरताना कुणीतरी सांगितलं होतं, की मुलीचे वडील पावसाच्या खात्यात आहेत. पहिल्याच भेटीत त्यानं विचारलं, "म्हणजे तुम्ही नक्की काय करता?" मी म्हटलं, "पडलेला पाऊस मोजतो." त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मग सुलभानं, म्हणजे माझ्या बायकोनं, चहा आणता आणता सांगितलं, "खरंच मोजतात हो. आणि कमी भरला की घरी येऊन चिडतात."

तर माझी सगळी नोकरी पाऊस मोजण्यात गेली. मोकळ्या जागी जमिनीत पक्कं बसवलेलं एक नरसाळं, त्याच्या पोटात बाटली, याला पर्जन्यमापक म्हणतात. रोज सकाळी साडेआठला बाटलीत जमलेलं पाणी मोजायचं आणि आकडा कळवायचा. हे काम गावातला एखादा विश्वासू माणूस करतो, त्याला निरीक्षक म्हणतात. दिघीपासून तळवड्यापर्यंत आणि पुढं चाकणच्या पलीकडच्या गावांपर्यंत असे मापक बसवणं, ते नीट आहेत ना ते बघणं आणि निरीक्षकांना शिकवणं हे माझं काम. आधी सायकलवर, मग खात्याच्या जीपमध्ये, शेवटी स्वतःच्या स्कूटरवर. कुठला मापक कुठल्या बाभळीपासून किती लांब आहे हे मला आमच्या पिंपळे गुरवच्या घरातल्या खोल्यांपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

अशा निरुपद्रवी कामात कुणाचा हेवा वाटावा असं काय असतं, असं तुम्हाला वाटेल. मला वाटला. एकाच माणसाचा, आणि सबंध नोकरीभर.

त्याचं नाव अरविंद. आम्ही दोघं एकाच दिवशी खात्यात रुजू झालो. दोघंही बीएस्सी, दोघांचेही मार्क जवळजवळ सारखे. पहिल्या वर्षी खात्यात संगणक आला आणि तो शिकायला एकाला पाठवायचं ठरलं. साहेबांनी अरविंदला पाठवलं. का, ते मला आजवर कळलेलं नाही. त्याचं अक्षर चांगलं होतं म्हणून, असं कुणीतरी म्हणालं. संगणकाला अक्षर कशाला लागतं, हा प्रश्न मी तेव्हापासून मनातल्या मनात विचारतोय.

पुढं तो वातानुकूलित खोलीत बसला आणि मी चिखलात गेलो. तो परदेशी परिषदांना गेला, मी भामा नदीच्या काठच्या गावांना गेलो. त्यानं प्राधिकरणाच्या वसाहतीत प्लॉट घेऊन बंगला बांधला. वास्तुशांतीला आम्ही गेलो तेव्हा सुलभानं त्याच्या गच्चीचं इतकं कौतुक केलं, की परतताना मी सांगवीच्या पुलापर्यंत तिच्याशी बोललो नाही. अरविंद वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. तो वाईट नव्हता. माझ्या मुलीच्या आजारपणात रोज दवाखान्यात येऊन बसायचा. अशा माणसाचा हेवा करणं फार दमवणारं असतं.

निवृत्तीनंतर हे संपेल असं मला वाटलं होतं. पण तळवड्याला केतकी नावाच्या एका हुशार मुलीनं एक छोटी कंपनी काढली. कारखाने, गृहप्रकल्प, पूल बांधणारे यांना पावसाची माहिती लागते. गटार किती रुंद बांधायचं, अंगण किती उंच घ्यायचं, हे सगळं पावसावर ठरतं. ती माहिती ही मुलगी पुरवते. तिनं मला सल्लागार म्हणून बोलावलं. "काका, प्रत्यक्ष नोंदींमधलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही," असं ती म्हणाली तेव्हा मी घरी येताना पेढे घेतले. सोमवारी कामावर गेलो, तर शेजारच्या खुर्चीत अरविंद.

"राव, तू पण?" तो आनंदानं उठून उभा राहिला.

त्याला केतकीनं पुनर्विश्लेषणासाठी घेतलं होतं. हा शब्द अवघड आहे, पण गोष्ट समजायला सोपी आहे. गेल्या कित्येक दशकांतल्या हवेच्या नोंदी, म्हणजे फुगे, जहाजं, विमानं, उपग्रह यांनी टिपलेलं तापमान, दाब, वारा हे सगळं प्रचंड मोठ्या संगणकात घालतात. मग तो संगणक त्या प्रत्येक दिवसाची, प्रत्येक तासाची हवा पुन्हा उभी करतो आणि सांगतो, की तेव्हा इथं पाऊस साधारण इतका पडला असावा. जगातल्या कुठल्याही जागी. जिथं कधी कुणी मापक बसवला नाही तिथंसुद्धा. कुणाला सकाळी उठावं लागत नाही, कुणाची चप्पल रुतत नाही, कुठला आकडा कधी गहाळ होत नाही.

मी एकदा अरविंदला विचारलं, "यात आपल्या मापकांचे आकडे कुठं घालतात?"

"आपल्याकडच्या पावसाचे नाही घालत," तो सहज म्हणाला. "पाऊस तो स्वतःच काढतो, हवेवरून."

म्हणजे माझ्या सगळ्या नोकरीतला एक थेंबही त्यात नव्हता. त्या दिवशी मी डबा न खाता परत आणला.

आमचं काम होतं दोन्हींची तुलना करायची. माझा मोजलेला पाऊस आणि त्याचा अंदाजाचा पाऊस शेजारी ठेवायचे आणि कुठं जमतं, कुठं फसतं ते सांगायचं. पहिल्याच तुलनेत दोन्ही इतके विजोड निघाले, की केतकी घाबरली. मी मुद्दाम सावकाश चष्मा पुसला, मग म्हटलं, "अरविंद, आपला पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. तुझा संगणक दिवस मोजतो ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून. माझा कालचा पाऊस तू आजच्याशी लावतोयस." त्यानं कपाळावर हात मारला, तास सरकवून घेतले आणि म्हणाला, "बरं झालं तू आहेस." त्यानं माझ्यावर चिडायला हवं होतं.

त्या संगणकाच्या पावसाचे दोन दोष माझ्या लक्षात आले होते आणि ते मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो. एक म्हणजे, तो तीसेक किलोमीटरचा चौकोन घेऊन त्यात सगळीकडे पाऊस सारखा पसरतो. त्यामुळं दुपारी चाकणवर ढग फुटतो आणि दिघीला ऊन असतं, ही आपली नेहमीची गोष्ट त्याला दिसतच नाही. दुसरं म्हणजे, तो पावसाळ्यात रोज थोडा थोडा पाऊस पाडतोच. कोरडा दिवस त्याला बघवत नाही. यावर अरविंद फक्त म्हणायचा, "खरंय." एवढंच.

अशात चाकणच्या एका कारखान्याचं काम आलं. त्यांना कारखान्याच्या मागं कुंपणाची भिंत घालून पावसाचं पाणी एका मोठ्या नाल्यातून ओढ्यात सोडायचं होतं. नाला किती रुंद हवा, ते आम्ही सांगायचं. मी नकाशा बघितला आणि जागा ओळखली. तो ओढा पुढं बबनरावांच्या वस्तीला लागून जातो.

बबनराव म्हणजे माझे निरीक्षक. गावातलं जुनं शेतकरी घर. मापक त्यांच्या परड्यात मीच बसवला होता, आणि तेव्हापासून त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता. लेकाच्या हळदीच्या दिवशीसुद्धा साडेआठला मोजून मग ते मांडवात गेले होते. त्यांच्यासारखा निरीक्षक माझ्याकडं आहे, हा माझा बंगला होता असं समजा.

त्यांचे आकडे मागवले. ते आणि संगणकाचे आकडे घेऊन अरविंदनं एक साधी गोष्ट केली. मापकाचा पाऊस महिन्यामागून महिना बेरीज करत आलेखाच्या एका बाजूला मांडला, संगणकाचा तसाच दुसऱ्या बाजूला. दोघांचं नातं कायम असेल तर रेघ सरळ जाते. दोघांतलं कुणी बदललं, तर रेघ वाकते.

"बघ," अरविंदनं पडद्यावर बोट ठेवलं. "चारपाच वर्षांपूर्वी वाकलीय. तेव्हापासून बबनरावांचा मापक पाऊस कमी दाखवतोय."

मला एकदम राग आला. "तुझा संगणक जास्त दाखवायला लागला असेल. नवे उपग्रह आले की तुमचे आकडे उडी मारतात, हे मला माहीत नाही का?"

मुद्दा चुकीचा नव्हता. असं होतं. केतकीनं दोघांकडं आलटून पालटून बघितलं. "मग काका, काय धरायचं?"

"मोजलेलं ते मोजलेलं," मी म्हटलं. "बबनरावांचे आकडे जसेच्या तसे."

अरविंदनं वाद घातला नाही. केतकीनं माझं ऐकलं. त्याच्यादेखत, त्याच्या यंत्राला बाजूला सारून माझं ऐकलं गेलं अशी ही पहिलीच वेळ. घरी जाताना मी रहाटणी चौकात रिक्षावाल्याला सुट्टे परत देऊ दिले नाहीत, इतका खूश होतो.

खुशी जेवणापर्यंत टिकली. पानावर बसलो आणि मनात आलं, की अरविंदचं खरं असेल तर? कमी पावसाच्या हिशोबानं नाला अरुंद बांधला जाईल. जोराचा पाऊस झाला की पाणी भिंतीला तुंबून बाजूनं फुटेल आणि पहिली जी घरं लागतील ती बबनरावांच्या वस्तीची. आमटी वाढताना सुलभानं विचारलं, "काय झालं? अरविंदभाऊजींनी अजून एक गच्ची बांधली का?"

दुसऱ्या दिवशी मी काही बोलायच्या आत अरविंदनं आणखी दोन रेघा माझ्यापुढं ठेवल्या. दिघीजवळच्या शाळेच्या पटांगणातला मापक आणि तळवड्याचा मापक, दोन्हींची त्याच संगणकाशी तुलना. दोन्ही रेघा सरळसोट.

"संगणक बदलला असता तर याही वाकल्या असत्या," तो हळू आवाजात म्हणाला. केतकीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. तेही मला सहन झालं नाही. त्यानं मला चारचौघांत पाडलं असतं, तर मी निदान त्याला शिव्या तरी घातल्या असत्या.

"मी जाऊन बघतो," मी म्हटलं.

"मी पण येतो."

त्याच्या गाडीतून गेलो. रस्त्याला ट्रेलरची रांग लागलेली, त्यामुळं बराच वेळ एकमेकांशेजारी बसावं लागलं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. बबनरावांचा मापक बिघडला असेल, असं मला वाटत नव्हतं. त्यांनी आळस केला असेल, हे तर मी ऐकूनही घेतलं नसतं.

परड्याशी गाडी थांबली आणि उतरायच्या आधीच मला कळलं. मापकाच्या पश्चिमेला, अगदी लागून, एका कंपनीच्या मालाचं पत्र्याचं गोदाम उभं होतं. दोनतीन मजली घराइतकं उंच. आमच्याकडं पावसाळी वारा येतो तो पश्चिमेकडून. म्हणजे इतकी वर्षं पाऊस तिरपा येत होता, गोदामाच्या डोक्यावरून पलीकडं जात होता आणि नरसाळ्यात पडत होता तो उरलासुरला. मी निवृत्त झाल्यानंतरचं बांधकाम. अडथळा मापकापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब हवा, हा धडा मी सगळ्या निरीक्षकांना पहिल्या दिवशी शिकवायचो.

बबनराव टोपी सारखी करत आले. "या भाऊ! फोन न करता आला?"

"बबनराव, हे गोदाम कधी झालं?"

"झाली की चारपाच वर्सं. जागा आमचीच हाय. थोरल्यानं भाड्यानं दिली." ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. "का वो? काय चुकलं का माझं?"

इतकी वर्षं रोज सकाळी, नेमानं, प्रामाणिकपणं मोजलेलं पाणी कमी होतं, हे त्यांना कसं सांगायचं? मी खाकरलो. तेवढ्यात अरविंद पुढं झाला.

"बबनराव, तुमचं काही चुकलेलं नाही. बाटलीत जेवढं आलं तेवढं तुम्ही बरोबर मोजलंत. तुम्ही इतकं नेमानं मोजलंत म्हणूनच मला बसल्या जागी कळलं, की मध्ये काहीतरी आडवं आलंय. तुम्ही मधूनमधून खाडे केले असते, मनानं आकडे घातले असते, तर मला काहीच दिसलं नसतं."

बबनरावांचा चेहरा उजळला. "व्हय?"

"मग! गोदामाआधीचे आकडे जसेच्या तसे चालतील. नंतरचे किती वाढवून घ्यायचे, ते आम्हाला काढता येईल."

अगदी हेच मला म्हणायचं होतं. म्हणजे, मी जरा विचार केला असता तर हेच म्हणालो असतो. माझ्या माणसाला माझ्या परड्यात त्यानं माझ्याआधी सावरलं.

पुढं तर हद्द झाली. चहाला पडवीत बसलो तेव्हा बबनरावांच्या बायकोनं, अनुसयावहिनींनी, अरविंदच्या लॅपटॉपकडं बघून विचारलं, "ह्यात जुना पाऊस बी दिसतो?"

"दिसतो की. मापक बसायच्या आधीचासुद्धा."

"मग आमच्या लग्नाच्या दिवशीचा बघा बरं. मी म्हनते पाऊस आला व्हता, ह्ये म्हनत्यात न्हाई. इतकी वर्सं भांडतोय."

"आलाच न्हाई पाऊस," बबनराव म्हणाले. "जूनचा पयला आठवडा. कोरडं ठक."

अरविंदनं तारीख विचारली, बोटं चालवली आणि सगळं घर त्याच्या भोवती जमलं. सुना, नातवंडं, शेजारचे दोघं. माझ्या चहावर साय धरली. "थोडा दिसतोय," अरविंद म्हणाला. "एकदोन मिलिमीटर. संध्याकाळी."

"बगा!" वहिनींनी टाळी वाजवली. "माझ्या शालूवर थेंब पडलं व्हतं!"

सगळे हसले. बबनरावसुद्धा. मला राहवलं नाही. "वहिनी, त्यावर फार विसंबू नका. हा संगणक रोज थोडा थोडा पाऊस पाडतोच. त्याची सवयच आहे ती."

अनुसयावहिनी माझ्याकडं वळल्या. "भाऊ, तुमाला पाऊस पडलेला चालत न्हाई व्हय?"

पडवी पुन्हा हसली. मीही हसलो, पण माझं हसू दातांपर्यंतच होतं.

परतताना गाडीत अरविंद एकदम म्हणाला, "त्या माणसानं तुझ्या मुलीची चौकशी केली. सुलभावहिनींच्या गुडघ्याची केली. तू येताना दिसताच त्यानं आत सांगितलं, चहात साखर कमी. राव, मला सबंध नोकरीत असं एक घर मिळालं नाही. मी कुणाच्या दारात गेलोच नाही."

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. सहानुभूतीनं नव्हे. त्यालाही माझ्याकडं बघून काहीतरी टोचतं, हे कळून बरं वाटलं. मोशीच्या टोलनाक्याच्या जागेपर्यंत मी ते सुख पुरवून पुरवून घेतलं. मग म्हटलं, "येत जा ना. त्यांना आवडेल." म्हणताना वाटलं नव्हतं, की तो खरंच जात जाईल.

अहवाल आम्ही दोघांनी मिळून लिहिला. मोठ्या पावसाचे आकडे बबनरावांच्या गोदामाआधीच्या नोंदींवरून घेतले, कारण फुटलेला ढग संगणकाला दिसत नाही. नंतरचे आकडे किती वाढवायचे ते अरविंदच्या रेघेवरून काढलं, कारण आडवं आलेलं गोदाम मापकाला दिसत नाही. नाला आधीच्यापेक्षा बराच रुंद निघाला. कारखान्याचा इंजिनिअर कुरकुरला, "एवढा कशाला?" तेव्हा केतकी बोलायच्या आत आम्ही दोघं एकदम बोलायला लागलो. शेवटी त्यानं हात जोडले आणि मान्य केलं.

खात्याला रीतसर कळवून मापकही हलवला. गोदामापासून लांब, वस्तीच्या दुसऱ्या टोकाच्या मोकळ्या रानात. जागा मी निवडली. त्या दिवशी अरविंदला घरी काहीतरी काम होतं, आणि ते मला मनापासून आवडलं.

नाला बांधून झाला, आणि त्यानंतरच्या सप्टेंबरात एके दुपारी चाकणवर आभाळ फाटलं. पिंपळे गुरवला आम्ही उन्हात पापड वाळवत होतो आणि टीव्हीवर तिकडचे रस्ते नद्यांसारखे वाहताना दाखवत होते. मी बबनरावांना फोन लावत राहिलो, लागेना. संध्याकाळी अरविंदचा फोन आला.

"बबनरावांशी बोललो. पाणी नाल्यातून गेलं. काठाला लागलं, पण बाहेर आलं नाही. वस्ती कोरडी आहे."

"तुला फोन आला त्यांचा?" मी विचारलं.

"हो, आत्ताच."

वस्ती वाचली हे ऐकून देवाला नमस्कार करायचा, तर माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की फोन त्याला आला. मला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली. आकडा मी स्वतः बघणार होतो. अशा पावसाचा आकडा आयुष्यात क्वचित बघायला मिळतो. रानात पोचलो तर अरविंदची गाडी आधीच तिथं. हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, अनवाणी, मापकाशेजारी चिखलात गुडघे टेकून बसलेला. बबनराव त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभे, पाऊस नसताना. नरसाळं त्यानं बाजूला काढून ठेवलं होतं आणि काठोकाठ भरलेल्या बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतत होता. पात्र हातात कललेलं होतं आणि आकडा तो वरूनच वाचायला बघत होता.

तेव्हा मला समजलं, की यानं हे आधी कधी केलेलंच नाही. सगळी हयात पावसात घालवून त्यानं पावसाचं पाणी हातानं एकदाही मोजलं नव्हतं. मला माझी पहिली वेळ आठवतही नाही. हजारदा केल्यावर ती पुसून गेली. आणि याची पहिली वेळ आज, असल्या पावसाची, माझ्या डोळ्यांदेखत चालली होती. बंगल्याचा, परदेशाचा, कशाचाच मला त्याचा इतका हेवा वाटला नव्हता.

"वाकडं धरलंयस," मी म्हटलं. "सरळ धर. डोळा पाण्याच्या पातळीला आण."

त्यानं मान वळवून बघितलं नाही. जवळजवळ आडवा झाला, गाल चिखलाला लावून बघितलं आणि आकडा सांगितला. पुन्हा ओतलं, पुन्हा सांगितला. बाटली रिकामी होईपर्यंत मी बेरीज करत उभा राहिलो. शेवटचा आकडा ऐकून बबनरावांनी "आरारा" म्हटलं.

अरविंद उठला. हातात ते शेवटचं मोजपात्र तसंच. पाण्याकडं बघत होता.

"याचं काय करायचं?" त्यानं विचारलं.

"ओतून दे."

"टाकून द्यायचं?"

"बाटली रिकामी लागते," मी म्हटलं, "परत पडायला."

तो तरी पात्र धरून उभाच होता. मी घाई केली नाही.